लघुत्तम, लघुकथा की अलक?

डोंबिवलीच्या एका संपादकांचा प्रश्न आहे: 'आमच्या छोट्या त्रैमासिकात शंभर-दीडशे शब्दांच्या गोष्टी आणि तेवढेच आखूड गद्य छापतो. गोष्टींच्या सदराला "लघुत्तम कथा" म्हणावे, "लघुकथा" की "अलक"? आणि गद्याला काय?'

आधी तो दुसरा त काढून टाका. शाळेतले लसावि-मसावि आठवा: लघुतम साधारण विभाज्य, पण महत्तम साधारण विभाजक. महत्तममध्ये दोन त येतात, कारण मूळ शब्द 'महत्' आणि त्याला लागला 'तम'. उत्तमचेही तसेच, उत् अधिक तम. 'लघु'च्या शेवटी त् नाहीच, मग जोडणार कशाला? महत्तमच्या जोडीने घोकल्यामुळे चांगल्या चांगल्यांच्या लेखणीतून हा त उतरतो. आतल्या पानात खपून जाईल, सदराच्या मथळ्यात नाही.

'लघुकथा' शुद्ध आहे, पण अडचणीचा. हिंदीत कहानी म्हणजे आपली कथा आणि लघुकथा म्हणजे पान-अर्ध्या पानाची चीज. मराठीत फडके-खांडेकरांच्या काळी लघुकथा म्हणजे चांगली आठ-दहा पानांची गोष्ट; कादंबरीपुढे लघु, इतकेच. पुढे नुसती 'कथा' रुळली आणि लांबण लागली की 'दीर्घकथा'. मुंबईत दिवसभर कानावर हिंदी असते, त्यामुळे तुमचा पंचविशीतला वाचक हा शब्द हिंदीच्या अर्थाने घेईल. खटाववाडीतून निघणारी 'सत्यकथा' वाचत वाढलेले गिरगावकर आजोबा मात्र उरलेली पाने शोधत बसतील.

आता अलक. अति लघु कथा, तिची आद्याक्षरे. पुल, वपु, गदिमा म्हणणाऱ्या भाषेला ही हौस जुनीच. गंमत अशी की संस्कृतात अलक म्हणजे कपाळावर रुळणारी कुरळी बट. तिची बहीण शतशब्दकथा, तिचे झाले शशक, म्हणजे ससा! दोन्हीकडे आद्याक्षरांतून आयता अर्थाचा शब्द निघाला. पण शशक तुम्हाला चालणार नाही, तिथे शब्द मोजून शंभर लागतात. अलकची पंचाईत अनेकवचनात होते. एक अलक वाचली, ठीक. दोन? वेळ-वेळा या चालीने 'दोन अलका' म्हणावे, तर कुबेराची नगरी आणि शेजारच्या अलकाताई एकदम हजर. म्हणून लोक 'दोन अलक' म्हणून सुटका करून घेतात. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. फोनवरून फिरून फिरून या शब्दाला एक वास लागला आहे: शेवटच्या ओळीत धक्का नाहीतर डोळ्यांत पाणी. तुमच्या गोष्टी तशा नसतील, तर वाचक शेवटाकडे उगाच टक लावून बसेल.

उर्दूने हे काम झकास केले आहे. बाग-बगीचा, तसे अफसाना म्हणजे कथा आणि अफसांचा म्हणजे चिमुकली कथा. मंटोचे फाळणीवरचे 'सियाह हाशिये' याच जातीचे, त्यातले काही तुकडे दोन-तीन ओळींत संपतात. मराठीत चिमुकलीच्या चालीवर 'कथुकली' करता येईल, पण चेहरा रंगवून कुणी कथकली नाचू लागेल अशी भीती वाटते. 'चुटका' नको, त्यात हसू गृहीत आहे.

तेव्हा शास्त्रशुद्ध हवे तर 'लघुतम कथा'. कोरडे आहे, पण फसवत नाही. मला विचाराल तर 'एवढीशी गोष्ट'. गोष्ट हा शब्द लांबी विचारत नाही. चिऊ-काऊची ती गोष्टच आणि महाभारतातली तीही गोष्टच.

गद्याला 'स्फुट'. वर्तमानपत्रात अग्रलेखाच्या खालचे छोटे टिपण म्हणजे स्फुट, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आपले 'फुटणे' याच धातूचे. लघुनिबंध म्हणू नका. तिथे लेखकाने वाचकाशी गुजगोष्टी कराव्यात अशी अपेक्षा असते. शिवाय ते स्फुट, ती स्फुटे. अनेकवचनाचा घोळ नाही.

जाता जाता, पत्रात तुम्ही आपल्या त्रैमासिकाला 'लघुअनियतकालिक' म्हटले आहे. साठच्या दशकातली 'असो'सारखी अनियतकालिके जमेल तेव्हा निघत, म्हणून ती अनियत. तुमचा अंक दर तीन महिन्यांनी निघतो, तर तो 'अ' काढायला हवा. एखादा अंक चुकला की परत लावा.