वायफायचा कोड राहू द्या, आधी अ‍ॅडॅप्टरवर लोड टाकून बघा

बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणारा ईएसपी३२ (वायफायची चिप असलेला छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड) लॅपटॉपला जोडला की नीट चालतो, भिंतीवरच्या अ‍ॅडॅप्टरवर टाकला की वायफाय जोडताना रीस्टार्ट होतो, आणि तुम्ही वायफायचा कोड दोनदा नव्याने लिहिलात. अगदी याच दुखण्याने मला छळलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कोडमध्ये बहुधा काही चुकलेलं नाही. वायफायचं प्रक्षेपण सुरू झालं की ही चिप क्षणभर २४० मिलिअँपच्या आसपास ओढते. म्हणूनच किमान ५०० मिलिअँप देणारा सप्लाय लावा असं तिच्या डेटाशीटमध्ये म्हटलंय. बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे ५ व्होल्ट उतरवून चिपला देणारा भाग, ३.३ व्होल्ट द्यायला स्वतःसाठी साधारण १.१ व्होल्ट मागतो. म्हणजे आत येणारे ५ व्होल्ट साडेचारच्या खाली घसरले की धोका सुरू. अ‍ॅडॅप्टरवर असताना सिरियल मॉनिटर (बोर्डचे मेसेज लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) जोडलेला नसतो, त्यामुळे ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज घसरल्याने रीस्टार्ट झाल्याचा, मेसेज येऊनही आपल्याला दिसत नाही. बूट झाल्याझाल्या, वायफाय सुरू करण्याआधी, ‘ईएसपी रीसेट रीझन’ हे रीस्टार्टचं कारण सांगणारं फंक्शन वाचा, उत्तर ब्राउनआउट असेल तरच ते एनव्हीएसमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा आणि नंतर लॅपटॉपला लावून बघा.

मला सगळ्यात महागात पडला तो विक्रेत्याचा मदतकक्ष. बोर्ड, सेन्सर आणि ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ छापलेला अ‍ॅडॅप्टर असा संच त्यांच्याकडूनच घेतला होता. दर वेळी एकच उत्तर: कोड पाठवा, लायब्ररी पुन्हा टाका, बोर्ड पॅकेज बदला. लॅपटॉपवर चालतंय हे मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं, ते कुणी वाचलंच नाही. शेवटी ‘बोर्ड तुमच्याकडून जळलाय, वॉरंटीत बसत नाही’ असं कळवलं. नवा बोर्ड आणला, त्याचंही तेच. तोवर परतीची मुदत संपून गेली होती. अ‍ॅडॅप्टर तपासा, एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचलं असतं. याचा राग अजून आहे.

दोष सापडला तो पुण्यात, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात. काउंटरवरच्या काकांनी कोडबद्दल काही विचारलंच नाही. मीटर लावला: ५.१ व्होल्ट. मग त्याच टोकांवर १० ओहमचा, १० वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर धरला, म्हणजे अर्ध्या अँपिअरचा लोड. आकडा सरसर उतरून ४.१ वर थांबला. छापलेले २ अँपिअर निव्वळ कागदावरचे होते.

हीच चाचणी तुम्ही घरी करा. रेझिस्टर अगदी स्वस्तात मिळतो, मात्र तो चांगलाच तापतो, हातात धरू नका. मोजमाप अ‍ॅडॅप्टरपाशी नको, केबलच्या बोर्डकडच्या टोकाला घ्या. केबलमधली तार २८ गेजची असेल तर मीटरभर लांबीत, जाऊन-येऊन, ०.४ ओहम भरतात. अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच जातात. नुसत्या बोर्डवर मीटर लावून मात्र निष्कर्ष काढू नका. काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही.

ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज घसरलं की बोर्ड रीस्टार्ट करणारी चिपमधली सोय, बंद करणारी कोडची एक ओळ सगळीकडे कॉपी होत फिरते. माझं मत ठाम आहे: ती टाकू नका. कोडमधली एरर दुरुस्त न करता गुपचूप गिळून टाकण्यासारखं आहे ते. बोर्ड रीस्टार्ट होणार नाही, पण कमी व्होल्टेजवर वेडंवाकडं वागेल. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावल्याने क्षणिक झटके सोसले जातात; पण अ‍ॅडॅप्टरच कमजोर असेल तर त्याने भागणार नाही.

पंपाला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र समाईक ठेवा. डीसी पंप असेल तर त्याच्या टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. पंप २३० व्होल्टवरचा असेल तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका, इलेक्ट्रिशियनकडूनच जोडणी करून घ्या. मी त्यातला जाणकार नाही.

आणखी एक, कारण पुढची अडचण हीच येईल: ओलाव्याचा सेन्सर एडीसी२ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या चिपमधल्या दुसऱ्या भागाच्या) पिनवर असेल तर वायफाय चालू असताना रीडिंग मिळणार नाही. तो ३२ ते ३९ मधल्या पिनवर घ्या.

लोडसकट आणि लोडशिवाय, दोन्ही आकडे इथे टाका. साडेचारच्या वर आले तर मग कोड बघू.