पायरी आईसाठी, की खडकासाठी?

प्रश्न : आमच्या महिंद्रा थारमध्ये चढताना सत्तरीच्या आईला त्रास होतो, परंतु पावसाळ्यात आम्ही सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवरही गाडी नेतो. कोणती पायरी बसवावी?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : दाराखाली खोल लोंबणारी पायरी आईंना सोयीची असली, तरी खडकाळ उंचवटा ओलांडताना पुढच्या आणि मागच्या चाकांमधला तोच भाग आधी टेकतो, आणि ती पातळ पट्ट्यांनी बॉडीच्या पत्र्याला जोडलेली असेल, तर तो धक्का थेट पत्र्यात उतरून दारही अडकू शकते. म्हणून थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, भक्कम बोल्टने जोडलेला, गाडीचे वजन पेलू शकणारा, पत्र्याला लागून वर बसणारा रॉक स्लायडर (दाराखालचा मजबूत लोखंडी दांडा) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उंच राहत असल्याने आईंची अडचण पूर्ण सुटणार नाही. त्यासाठी काढता येणारी जोडपायरी किंवा साधा लाकडी पाट गाडीत ठेवावा आणि दाराजवळ धरायची मूठ आहे ना, हे पाहावे. विजेवर उघडझाप करणाऱ्या पायरीच्या सांध्यात चिखल अडकतो, म्हणून ती टाळावी. चकचकीत क्रोमचा गोल पाइप दिसतो देखणा, पण ओल्या चपलेने त्यावरून पाय हमखास सटकतो. पृष्ठभाग खरखरीतच हवा.