करिअर मार्गदर्शन : ४५३चे ३१७ होतात तेव्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक दिवाळीच्या सुट्टीत फराळालाही धड उठली नाही. क्युबातले बेसबॉलचे बॅटर अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, गेले तर कसे खेळतील, याचे तक्ते मांडत बसली. ‘क्रिकेट असतं तर निदान कळलं तरी असतं’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. यात पुढे काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. खाली तिनं स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्यात : बावीस खेळाडूंची क्युबातली आणि अमेरिकेतली सरासरी शेजारी-शेजारी मांडली, पण मेळ बसत नाही, विषय सोडून देऊ का?

आधी तिला उत्तर देतो. तुमचं उत्तर त्यातूनच निघेल.

सोडू नकोस. मेळ बसत नाही, इथूनच तर काम सुरू होतं. क्युबाच्या होसे अब्रेउचं उदाहरण घे. २०१०-११च्या हंगामात क्युबाच्या सेरी नासिओनाल या राष्ट्रीय लीगमध्ये सिएनफुएगोस संघाकडून त्यानं ६६ सामन्यांत ३३ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. सरासरी होती ४५३, म्हणजे हजार संधींमागे ४५३ हिट, म्हणजे यशस्वी फटके. २०१३मध्ये मेजर लीगमधल्या शिकागो व्हाइट सॉक्स संघानं त्याच्याशी सहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. २०१४ला त्याची तिथली सरासरी आली ३१७, होम रन ३६. तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२०मध्ये अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडूही. आता ४५३चे ३१७ झाले, तर ही घसरगुंडी की पराक्रम? त्या वर्षी अख्ख्या मेजर लीगची सरासरी २५१ होती. मग सांग.

ताई, हे तुम्हाला दहावीच्या गुणांवरून लगेच कळेल. एका बोर्डाचे नव्वद टक्के आणि दुसऱ्या बोर्डाचे नव्वद टक्के एकाच मापाचे कसे धरायचे? २००८मध्ये अकरावी प्रवेशासाठी सरकारनं पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, तेव्हाचा गोंधळ आठवत असेल. तुमची लेक तेच गणित मांडतेय, फक्त बोर्डांच्या जागी लीग आहेत. मेजर लीगच्या खालच्या लीगमधले आकडे वरच्या लीगच्या मापात बसवण्याची पद्धत बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणारे बिल जेम्स यांनी १९८५च्या सुमारास मांडली. क्युबाच्या बाबतीत मात्र माप स्वतःच हलतं. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत ॲल्युमिनियमच्या बॅटनं खेळत, नंतर लाकडी आल्या. पुढे चांगले खेळाडू देश सोडत गेले तसतशी लीगच पातळ होत गेली. त्यामुळे, पोरी, सगळ्या वर्षांना एकच गुणक लावलास तर मेळ बसणारच नाही.

दुसरी चूक मला तुझ्या दोन ओळींतूनच दिसते. बहुतेक तू प्रत्येकाचा गाजलेला हंगाम उचललायस. सहामाही परीक्षेत एकदा ९८ पडले म्हणून मुलाला ९८वाला म्हणत नाहीत. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांची पुढच्या हंगामाचा अंदाज बांधण्याची ‘मार्सेल’ नावाची एक साधी पद्धत आहे. माकडालाही जमेल इतकी सोपी, म्हणून माकडाचंच नाव दिलं. त्यात मागच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, निकाल सर्वसाधारण सरासरीकडे थोडा ओढायचा आणि वयाचा हिशेब घालायचा. आधी एवढंच कर. नुसत्या सरासरीऐवजी बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि किती वेळा वॉक मिळवतो (चार चुकीचे चेंडू सोडून फुकटचा पहिला बेस) ते पाहा. सरासरीत नशिबाचा वाटा मोठा असतो, या दोन आकड्यांत त्या मानानं कमी.

आता क्युबाचाच रुस्नी कास्टिलो. २०१४मध्ये बोस्टनच्या संघानं त्याला ७ कोटी २५ लाख डॉलर कबूल केले, अब्रेउपेक्षाही जास्त. मेजर लीगमध्ये तो खेळला एकूण ९९ सामने, सरासरी २६२. फसला, असं तक्ता म्हणेल. पण २०१६मध्ये त्याला मुख्य यादीबाहेर काढल्यावर त्याचा पगार संघाच्या चैनीच्या कराच्या (पगारांची ठरावीक मर्यादा ओलांडली की संघाला भरावा लागतो त्या दंडाच्या) हिशेबात धरला जात नव्हता आणि परत वर आणलं की धरला जाणार होता. २०१८ला खालच्या लीगमध्ये, पॉटकेटच्या संघाकडून, त्यानं ३१९च्या सरासरीनं बॅटिंग केली. तरी वर बोलावणं आलं नाही. म्हणजे तक्त्यातल्या त्या रिकाम्या जागेत त्याचा खेळ नाही, हिशेबनिसाची वही आहे.

आणि जे आलेच नाहीत त्यांचं काय? क्युबाचा बॅटर आल्फ्रेदो देस्पाइग्ने सरकारी परवानगीनं जपानला गेला आणि २०१७मध्ये ३५ होम रन मारून तिथल्या पॅसिफिक लीगमध्ये होम रनांत पहिला आला. अमेरिकेत तो कसा खेळला असता? त्याचं नाव तुझ्या बावीसांत नसणार. उलट योर्दान अल्वारेस क्युबात लास तुनास संघाकडून खेळला तो कोवळ्या वयात आणि मोजकंच. त्या आकड्यांवरून कोणी पैज लावली नसती. मेजर लीगमधल्या डॉजर्स संघानं २०१६ला त्याला घेतलं आणि त्यांच्यासाठी एकही सामना खेळण्याआधीच ह्यूस्टनच्या संघाला देऊन टाकलं. २०१९मध्ये मेजर लीगमध्ये त्यानं ८७ सामन्यांत २७ होम रन मारले. करोडो डॉलरच्या संघांनाही जे उमगलं नाही ते तुला सुट्टीत उमगलं नाही, याचं एवढं काय वाईट वाटून घ्यायचं!

ताई, तुमचं उत्तर कास्टिलोच्या आणि न आलेल्यांच्या या वरच्या दोन परिच्छेदांत आहे. बँक ज्यांना कर्ज देते त्यांचीच परतफेड तिला दिसते. नाकारलेले फेडू शकले असते का, हे कधीच कळत नाही. तरीही नव्या अर्जदाराबद्दल अंदाज बांधावा लागतो, तोही दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धंद्यातल्या नोंदींवरून. विमा कंपन्या, औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपन्या, बँकांचे जोखीम विभाग यांना हा घोळ ओळखणारी माणसं लागतात. सूत्रं पाठ असलेले ढिगानं मिळतात. आपला तक्ता खोटं बोलतोय असा संशय घेणारे कमी.

बेसबॉलच्या संघात नोकरी? मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि सगळ्यांकडे आकडेवारीची माणसं आहेत. पण जागा थोड्या, अर्ज भरमसाट, वर व्हिसाची कटकट. तेवढ्यावर घर गहाण ठेवून अमेरिकेला पाठवू नका. हे मी सगळ्यांनाच सांगतो, तुम्हाला जरा जोरात सांगतो, कारण पत्रात ‘शेत विकू पण पाठवू’ असं एक वाक्य आलंय.

तिला तिसऱ्या वर्षात आयआयटी-जॅमचा (आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या प्रवेश परीक्षेचा) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा डेटा सायन्सचा एम.एस्सी.ही पाहा. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग घराजवळ आहे आणि चांगला आहे. आत्तापासून आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एक पक्की, शिवाय माहितीसाठ्यातून आकडे काढायची एसक्यूएल. विमा क्षेत्राकडे ओढा दिसला तर ॲक्च्युअरीच्या (विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा पदवीसोबतही सुरू करता येतात, पण लांबतात. आधी एक पेपर देऊन बघू दे.

आणि क्युबाचं काम चालू राहू दे. पुढच्या हंगामाआधी पाच खेळाडू निवडून तिनं अंदाज तारीख घालून लिहून ठेवावा. ‘२८०’ असा एकच आकडा नको, ‘२४५ ते ३००च्या दरम्यान’ असा पट्टा हवा. हंगाम संपला की चुकलेले अंदाज खोडायचे नाहीत. मुलाखतीला जाताना ही वही बरोबर न्यावी.

तक्ता मला पाठवायला सांगा. कास्टिलोच्या ओळीपुढे ती काय टीप लिहिते ते पाहायचंय.