कॉफी किंवा फळं घातलेली क्राफ्ट बिअर ठेवून दिली तर सुधारते का?

तुमच्याकडे व्हॅनिला घातलेली कॉफी स्टाउट (काळी, दाट बिअर), बेल्जियमची रास्पबेरी लॅम्बिक (हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेली आंबट बिअर) आणि हापूसचा रस घातलेली एल (बिअरचाच एक प्रकार) अशा तीन बाटल्या आहेत, आणि मित्र म्हणतो, ‘वाइनसारखी मुरू दे.’ माझं म्हणणं, मुरायला ठेवू नका. लॅम्बिक आणि हापूसची याच आठवड्यात प्या, स्टाउटचं खाली सांगतो.

लोणचं मुरतं ते मीठ-तेलाच्या जोरावर. फोडी आणि खार एकमेकांत जिरत जातात. बिअरमध्ये वरून घातलेल्या फळाचा किंवा कॉफीचा वास मात्र बाटली बंद झाल्या दिवसापासून उतरत जातो. मुरलीच तर मूळ बिअर मुरते, आणि तीही प्रत्येक नाही.

कॉफी स्टाउट घ्या. ताजेपणी ग्लास नाकाशी नेला की नुकत्या दळलेल्या बियांचा वास येतो. तीन-चार महिन्यांत तो मंदावतो. वर्षभराने पुष्कळ बाटल्यांत चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो, आणि एकदा तो नाकाला सापडला की दुसरं काही जाणवत नाही. व्हॅनिला त्या मानाने टिकतो. अल्कोहोल 10 टक्क्यांच्या वर असेल तर घशाला लागणारी धार वर्ष-दीड वर्षात बोथट होते, मनुका आणि शेरीसारखी चव येते. हे खरंच सुधारणं आहे, पण त्याचं श्रेय माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) आणि अल्कोहोलला. कॉफी तोवर गेलेली असते. म्हणून कॉफीसाठी घेतली असेल तर लगेच उघडा. आणखी काही वर्षं ठेवली आणि तळाशी यीस्ट असलं, तर ते मरून फुटतं आणि बिअरला सोया सॉससारखी चव येते.

लॅम्बिक वर्षानुवर्षं टिकते हे ऐकून लोक फळांच्या बाटल्याही कपाटात टाकतात, आणि इथेच सगळा घोळ आहे. ती ख्याती गॉझची. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवतात ती गॉझ, तिच्यात फळ नसतं. चांगली गॉझ 10-20 वर्षं राहते. रास्पबेरीचा वास आणि गुलाबी रंग मात्र वर्ष-दोन वर्षांत उतरतो, रंग विटकरी होतो आणि उरतो नुसता आंबटपणा. चेरीची लॅम्बिक, म्हणजे क्रीक, जरा जास्त तग धरते, कारण बियांमधून आलेली बदामासारखी चव मागे राहते.

हापूसच्या बाटलीचं तर विचारूच नका. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे राहतो तो फक्त वास, आणि दोन-तीन महिन्यांत तोही जातो. रस शेवटी घालून पाश्चराइज न करता भरलेली असेल तर धोका वेगळाच: उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ती पुन्हा आंबते, कॅन असेल तर फुगतो, प्रसंगी फुटतो. कॅनचा तळ फुगलेला दिसला तर हाताळताना तोंड लांब ठेवा.

उष्णतेचा हिशेब ब्रुअर लोक असा मांडतात: 32 अंशांवर 3 दिवस, 22 अंशांवर 30 दिवस आणि 3 अंशांवर 300 दिवस, नुकसान साधारण सारखंच. पुण्यात एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेली बाटली ‘मुरत’ नसते, तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येत असते. ठेवायचीच तर 10 ते 13 अंशांवर, अंधारात, उभी. आडवी ठेवली की यीस्टचा गाळ बाजूला बसतो आणि ओतताना ढवळतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं तर काही मिनिटांतच घाण वास धरतो.

अपवाद आहेत. दालचिनी किंवा लाकडी पिंपातली बर्बन व्हिस्कीची चव बरीच टिकते, आणि 10 टक्क्यांपुढची, कॉफी-फळं नसलेली स्टाउट किंवा बार्लीवाइन (नाव वाइनचं, पण ही कडक बिअरच) खुशाल दोन-तीन वर्षं ठेवा. कुणाला उतरलेल्या रास्पबेरीचा नुसता आंबटपणाच आवडतो, तीही आवड खरी.

मित्राला पटत नसेल तर एकाच बॅचच्या दोन बाटल्या घ्या. एक आज प्या, चव कागदावर लिहा आणि तो कागद दुसरीला रबरबँडने बांधून वर्षभर फ्रिजमध्ये ठेवा. उघडताना आधी त्यालाच वाचायला लावा.