गोव्यात हौशी बागवानांची रोपविक्री असते का? नवख्याने तिथून काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत तुमच्या बहिणीच्या गावी बागकाम शिकलेले स्वयंसेवक दर सप्टेंबरात ‘फॉल प्लांट सेल’ भरवतात. आता पर्वरीला घर घेतलंय, मागे थोडी जागा आहे, तर गोव्यातही असं काही असतं का आणि फळझाडं तिथूनच घ्यावीत का, हा तुमचा प्रश्न.

असतं. पण फळझाडं तेव्हा घेऊन लगेच जमिनीत लावू नका.

तुमच्या बहिणीकडे सप्टेंबरात हवा गार व्हायला लागते, जमीन मात्र अजून उबदार असते. पानांचं काम कमी झालेलं असतं आणि जमीन गोठेपर्यंत मुळं पसरत राहतात. म्हणून तिथे झुडपं, झाडंसुद्धा शरदात लावतात. आपल्याकडे नेमकं उलटं. दसऱ्यानंतर पाऊस पाठ फिरवतो आणि ऊन चटके देऊ लागतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्यावरच्या पातळ मातीत पाणी टिकत नाही. डिसेंबरात कुदळ मारा, ठणकन वाजते. ऑक्टोबरात लावलेल्या आंब्याच्या कलमाला पुढचे सात-आठ महिने पाऊस म्हणजे तुम्ही आणि तुमची बादली. एप्रिलात चार दिवस गावाला गेलात की संपलं. कलम आवडलं तर घ्या, पण मोठ्या कुंडीत सावलीला ठेवा आणि मृगाचा पाऊस पडला की लावा.

मग आमचं हौशी बागवानांचं मंडळ दसरा आणि दिवाळीच्या मधल्या रविवारीच रोपं का विकतं? कारण तेव्हा वायंगणी, म्हणजे पाऊस सरल्यावरच्या, भाज्यांचा आणि फुलझाडांचा हंगाम सुरू होतो. आम्ही फोंड्याकडचे तीसेक जण आहोत. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतून निवृत्त, दोघे-तिघे स्वतःचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेले. मी शाळेच्या कचेरीत होते. मला मातीतलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगते म्हणजे तुम्हाला धीर येईल.

विक्री एका सकाळची, पण तिची तयारी जूनपासून चालते. पहिला पाऊस स्थिरावला की मिरवेलीचे, अबोलीचे, जास्वंदीचे छाटे लावतो. पिशव्या भरायचा रविवार सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गप्पांचा. तांबडी माती, कुजलेलं शेण, नारळाच्या सोडणांचा भुसा, थोडी वाळू. प्रमाणावरून दरवर्षी तेच भांडण होतं. महिन्यातून एकदा कुणातरी एकाच्या परसात जमतो, तिथलं काय बिघडलंय ते बघतो, घरवाल्यांच्या हातचं खाऊन परत येतो. जवळच्या एका शाळेत मुलांसोबत भाजीचे वाफे करतो. शेणखत आणि पिशव्यांचा खर्च विक्रीतून निघतो. उरलेले पैसे त्या शाळेच्या वाफ्यांना जातात.

चवथीनंतरचं एक काम मला फार आवडतं. विसर्जन झालं की घरोघरच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या आराशीची, फळं गोळा करायची. तोरंजन, आंबाडे, सुपारीचे घोस, कांगलां, घागऱ्या, शिवाय दोडकी, काकड्या. अर्धी फळं कोवळीच तोडलेली असतात, त्यांचं बी उगवत नाही. पण कुठल्यातरी घरची एखादी जून काकडी अशी निघते की तिचं बी बाजारात कुठेच मिळणार नाही.

आता काय घ्यावं. आगशीच्या वांग्याची रोपं असली तर ती आधी उचला. नवलकोल, टोमॅटो, साधी मिरची हेही चांगलं. तांबड्या भाजीचं रोप कुणी देत असेल तर घेऊ नका, ती बी फेकून येते. अळसांद्यांचंही (आपली गोव्याची चवळी) बीच न्या. खोल्याची मिरची मात्र आमच्याकडे मागू नका. २०२०मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून दर विक्रीला दहा जण विचारतात. ती काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते. तिची रोपं पावसाच्या तोंडावर लावायची असतात आणि आम्ही बसतो तेव्हा तिकडे तोडणी सुरू व्हायची वेळ झालेली असते. झेंडूचं रोप घ्या, पण दिवाळीच्या तोरणाला फुलं मिळतील ही आशा धरू नका.

कुंडीवाल्यांसाठी सर्वांत गुणी रोप म्हणजे झुडपी मिरी. मिरवेलीच्या ज्या आडव्या फांद्यांना घोस लागतात त्यांचाच छाटा लावला, तर वेल वर चढत नाही, झुडूप होऊन कुंडीत बसते आणि लवकर मिरी धरते. पण या छाट्यांना मुळं फुटता फुटत नाहीत. माझ्या हातचे दहातले तीन जगले तर मी खूश. त्यामुळे ती थोडीच असतात आणि साडेआठपर्यंत संपतात. (मंडळातल्यांनी विक्री सुरू होण्याआधी रोप बाजूला काढायचं नाही असा नियम आहे. तो कसा पाळला जातो, यावर मी इथे बोलणार नाही.)

भिरंडीबद्दल, म्हणजे कोकमाबद्दल, सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्यात माझा स्वतःचा गुन्हा आहे. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात आणि बीपासून आलेलं रोप कुठलं निघेल हे फुलं येईपर्यंत कळत नाही. मंडळात नवी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. भिरंडं खाल्ली, बिया धुऊन राखेत चोळल्या, वीसेक रोपं केली, मोठ्या अभिमानाने टेबलावर मांडली. सगळी गेली. एक घरी लावलं. आठव्या वर्षी त्याला फुलं आली, मी शेजारणींना बोलावून दाखवलं, आणि आमच्यातल्या कुळागरवाल्या काकींनी एक फूल हातात घेऊन म्हटलं, “बाय, हा नर.” त्याच्या आगेमागे रोपं नेलेली माणसं परत यायला लागली. काहींना फळं धरली होती, काही माझ्याकडे नुसती बघत राहिली. बांदोड्याच्या एका आजी दर मे महिन्यात अजून निरोप धाडतात, “मंडळाच्या झाडाक फळ ना, सोलां मंडळानूच दिवंची.” (सोलां म्हणजे आमसुलं.) मी देऊन येते. तेव्हापासून आमच्या टेबलावर भिरंडीचं फक्त मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेलं) असतं, फळणाऱ्या मादीच्या काडीचं. जायफळाचंही तसंच. कुठेही घ्याल तिथे विचारा, काडी कुठल्या झाडाची. सांगता आलं नाही तर पुढच्या टेबलावर जा.

हौशी माणसाकडून रोप घेण्याचा खरा फायदा हाच की त्याच्या आईचा पत्ता मिळतो. नर्सरीवाला वाईट असतो असं मुळीच नाही, पण त्याची रोपं कुठून कुठून येतात. आमच्याकडे अबोली घेतलीत तर ती कुणाच्या विहिरीजवळची, किती वर्षांची, हे ती लावणारी बाई तिथेच उभी राहून सांगते, ऐकायची इच्छा नसली तरी.

दोष आमच्याही रोपांत असतात. पिशवी उचलून खालून बघा. मुळं गोल गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप गेल्या वर्षी न खपलेलं आहे. फुलांनी लगडलेलं रोप नको, कळ्या असलेलं घ्या. देठाशी मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड नक्की आहे. वांग्याच्या किंवा अबोलीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे कृमी, एकदा परसात शिरले की वर्षानुवर्षं छळतात. घरी नेल्यावर पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा आणि पिशवीतल्या मातीत गोगलगायींची पांढरट अंडी नाहीत ना ते बघा. आम्ही बघतो, पण तीसजणांचे साठ डोळे आणि त्यातल्या बहुतेकांवर चष्मे.

पर्वरीच्या जवळचं हवं तर जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा, कलमं आणि मातीची तपासणी दोन्हींचा रस्ता तिथूनच जातो. बॉटनिकल सोसायटी ऑफ गोवा उन्हाळ्यात पणजीत कोकण फ्रूट फेस्ट भरवते, तिथे झाडवेडी माणसं भेटतात आणि जूनमध्ये काय लावायचं ते फळ खाऊनच ठरवता येतं.

आमच्याकडे यायचं तर शनिवारी दुपारी या. रोपं उतरवायला, चिठ्ठ्या लावायला हात कमी पडतात. आदल्या दिवशी चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं ते विचारावं लागत नाही. सुट्टे पैसे आणि भाजीवाल्याकडचा रिकामा क्रेट आणा. कापडी पिशवीत रोपं मोडतात.