चॉकलेटशिवाय दुधाला तोंड न लावणारा मुलगा

‘हॉट चॉकलेटची पावडर घातल्याशिवाय मुलगा दूध पीत नाही, याने त्याला पुढे मधुमेह होईल का?’ आहार समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी फार वेळा ऐकते. इथे सांगत असलेल्या प्रकरणात आठ वर्षांच्या मुलाच्या आईने तो विचारला होता. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. मुलाच्या आजोबांना मधुमेह असल्यामुळे आईची भीती स्वाभाविक होती. दुसरीकडे मुलाचे हिमोग्लोबिन १०.८, म्हणजे कमी आले होते आणि डब्यावर लोहाचा उल्लेख असल्याने पावडर बंद करायलाही त्यांचे मन धजत नव्हते.

मी त्यांना घरचा पावडरीचा डबा आणि नेहमीचा चमचा घेऊन यायला सांगितले. पावडर चांगली की वाईट, यापेक्षा ती पेल्यात किती पडते हे आधी कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; त्यांच्या डब्यावर पहिले नाव साखरेचे आणि त्यानंतर कोकोचे होते. १०० ग्रॅम पावडरीत साखर ७० ग्रॅम. पोह्याचा चमचा शिगोशीग भरून वजनकाट्यावर ठेवला तेव्हा पावडर १२ ग्रॅम भरली. एका पेल्यात असे दोन चमचे आणि दिवसाला दोन पेले, म्हणजे ४८ ग्रॅम पावडर व तिच्यातून सुमारे ३४ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशी वरून मिसळलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांहून कमी असावी. सुमारे १,७०० कॅलरी लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा अनुक्रमे ४२ आणि २१ ग्रॅम होते. बिस्किटे, जॅम, सणाचे गोडधोड यांचा हिशेब अजून व्हायचाच होता. एका वेळच्या पावडरीतून दिवसाच्या मर्यादेच्या किती टक्के साखर मिळते, ही डब्यावरची टक्केवारी पाहून ‘साखर फारशी नाही’ असे त्यांना वाटले होते; परंतु आपल्याकडच्या वेष्टनांवरील ती टक्केवारी २,००० कॅलरींचा आहार आणि ५० ग्रॅम साखर धरून काढलेली असते, लहान मुलासाठी नव्हे.

मधुमेहाबद्दल मी त्यांना स्पष्ट सांगितले की एखाद्या डब्यामुळे हा आजार होत नाही. आनुवंशिकता, वाढते वजन, अपुरी हालचाल आणि वर्षानुवर्षे पोटात जाणारी गोड पेये यांतून दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) मधुमेहाचा धोका वाढतो, आणि यांपैकी गोड पेयाची सवय त्यांच्या हातात होती.

खरी अडचण लोहाच्या बाबतीत निघाली. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे सिरप मुलगा कडवट लागते म्हणून थुंकत असे, म्हणून ते याच चॉकलेटच्या दुधात मिसळून दिले जात होते. दुधातील कॅल्शियम आणि कोकोतील पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली नैसर्गिक द्रव्ये) हे दोन्ही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे औषध पोटात जाऊनही त्याचा पुरेसा उपयोग होत नव्हता. कोकोत लोह असते हे खरे, पण या पावडरीत कोकोचा वाटा जेमतेम पाचवा आणि त्यातले लोह शरीराला फारसे लागत नाही. सिरप दुधापासून दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर देण्याविषयी त्यांनी डॉक्टरांना विचारावे, तसेच जेवणाबरोबर दूध देऊ नये आणि पालेभाजी व उसळीवर लिंबू पिळावे, असे मी सुचवले.

पावडर एकदम तोडायला मात्र मी सांगितले नाही. पेलाभर दुधातून मुलाला सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि दोनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळत होते, आणि हट्टापायी ते गमावणे मला योग्य वाटत नाही. सकाळचा पेला सध्या तसाच ठेवून संध्याकाळच्या दुधाऐवजी दही किंवा ताक द्यायचे ठरले. सकाळच्या पेल्यातील पावडर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करायची आणि तिच्या जागी बिनसाखरेचा कोको चिमूटभर वाढवायचा. कोको दुधात सहज भिजत नाही, म्हणून तो आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून मग उरलेले दूध ओतावे लागते, नाहीतर गुठळ्या तरंगतात आणि मूल पेला बाजूला सारते. डबा वरच्या फळीवर ठेवण्याचाही आग्रह मी धरला, कारण मुलगा येता-जाता कोरडी पावडर खात होता आणि ती दातांना चिकटून राहत होती.

काही महिन्यांनी मुलगा सपाट एका चमच्यावर आला. हिमोग्लोबिन वाढले, आणि माझ्या मते त्याचे श्रेय वेळेवर व दुधाविना घेतलेल्या औषधाला आहे. आजोबांनीही स्वतःसाठी विचारणा केली. त्यांना बिनसाखरेचा शुद्ध कोको दुधातून अधूनमधून घेता येईल असे मी सांगितले. मात्र ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) असल्यास तेही रक्तातील साखर वाढवते, म्हणून त्यांनी घटकांची यादी वाचल्याशिवाय असा डबा घेऊ नये.