आई-वडील वेगळे होताना ताबा कोणाकडे जायचा हे मूल ठरवतं का?

नाही. मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, निर्णय मात्र न्यायालयाचा असतो. आणि ते योग्यच आहे. ‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या अंगावर कोणीही टाकू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 सांगतं की, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडू द्यावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीचं मत सहसा जास्त मोजलं जातं. कोणी पढवून पाठवलंय का, हेही न्यायाधीश पाहतात. कलम 9 प्रमाणे दोन्ही पालकांना नियमित भेटणं हा मुलाचा हक्क आहे. त्यात मुलाचं अहित असेल तरच तो अडवता येतो. म्हणून पोटगी थकली की भेट बंद, हा हिशेब न्यायालयाला सहसा पटत नाही. हिंसेचा धोका असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी वकिलाला सांगा.

मुलाला घेऊन परस्पर परदेशी जाऊ नका. पालकाने परस्पर परदेशी नेलेल्या मुलांबाबतचा 1980 चा हेग करार लागू असलेल्या देशांत सोळा वर्षांखालचं मूल साधारणपणे ते आधी जिथे राहत होतं त्या देशात परत पाठवलं जातं आणि ताब्याचा निकाल तिकडेच लागतो.

पुनर्विवाह केलात तरी नवा जोडीदार बहुतेक ठिकाणी आपोआप कायदेशीर पालक होत नाही. त्यासाठी दत्तकविधान किंवा न्यायालयाचा आदेश लागतो.